खाण दाखवायची कोणी?

दक्षिण वेल्समधल्या ब्लॅनाव्हॉन गावची बिग पिट ही कोळसा खाण १९८० मध्ये बंद पडली आणि १९८३ मध्ये लोकांना पाहण्यासाठी खुली झाली. खाली उतरायचं तर डोक्यावर हेल्मेट आणि दिवा, कमरेच्या पट्ट्याला बॅटरी आणि हवा विषारी झाली तर थोडा वेळ तग धरता यावा म्हणून एक उपकरण, एवढा सरंजाम अंगावर चढवावा लागतो. मोबाइल, बॅटरीचं घड्याळ, काडेपेटी वरच काढून ठेवायची. कोळशातून मिथेन निघतो आणि त्याला एक ठिणगी पुरते. उत्पादन थांबून चाळीस वर्षं उलटली, तरी सुरक्षेच्या नियमांच्या लेखी ही खाणच आहे. हा काटेकोरपणा मला मोलाचा वाटतो, कारण पाहायला आलेल्या माणसाला इथल्या धोक्याची जाणीव पहिल्या पावलालाच होते.

पिंजरा नव्वद मीटर खाली जातो. सोबत असतो तो बहुतेक वेळा एकेकाळचा खाणकामगारच. बोगद्यात जागोजागी दारं लागतात. हवा ठरल्या वाटेनंच फिरावी म्हणून ती लावलेली ठेवत. कोळशाचा गाडा आला की उघडायची, गेला की लगेच लावून घ्यायची. एकोणिसाव्या शतकात हे काम लहान मुलांकडे असे. पाच-सहा वर्षांची पोरं दाराची दोरी हातात धरून तासन्‌तास अंधारात बसून राहत. स्त्रियांना आणि दहा वर्षांखालच्या मुलांना जमिनीखाली कामाला लावायचं नाही, हा कायदा ब्रिटनमध्ये १८४२ मध्ये आला. ही हकिगत सांगता सांगता वाटाड्या सगळ्यांना दिवे मालवायला सांगतो. स्वतःचा हात डोळ्यांपुढे धरला तरी दिसत नाही.

पण पर्यटकाचा अंधार आणि त्या पोराचा अंधार एक नव्हे. आपल्याला ठाऊक असतं, मिनिटभरात दिवे लागतील, तासाभरात आपण वर असू. त्या पोराला उद्याही तिथंच बसायचं होतं. म्हणून ‘खाणकामगाराचं जगणं अनुभवा’ असं कुणी म्हणालं तर ते खरं मानू नये. तिकीट काढून कष्ट अनुभवता येत नाहीत. फार तर त्यांचा हिशेब ऐकता येतो, आणि तो ऐकणं हे आपलं कर्तव्य आहे. १९१३ मध्ये याच दक्षिण वेल्समध्ये सेंघेनिथच्या खाणीतल्या स्फोटात ४३९ खाणकामगार गेले. १९६६ मध्ये अबरफानला खाणीच्या मलब्याचा डोंगर शाळेवर कोसळला. मेलेल्या १४४ जणांत ११६ मुलं होती. ज्या कोळशावर आगगाड्या, जहाजं आणि कारखाने चालले, त्याची ही किंमत. ती वसूल झाली खाली उतरणाऱ्यांकडून आणि त्यांच्या घरांकडून.

रुमानियातल्या तुर्दाच्या मिठाच्या खाणीनं वेगळी वाट धरली. तिच्या अवाढव्य पोकळीत आज आकाशपाळणा फिरतो, तळाच्या तळ्यात लोक होड्या वल्हवतात. त्यात वावगं काही नाही; जिथे पिढ्यान्‌पिढ्या घाम गाळला गेला तिथे मुलं खिदळली तर ते चांगलंच. मिठाचे खडक वर ओढणारा, घोड्यांनी फिरवायचा रहाट तिथं अजून जपून ठेवला आहे. प्रश्न इतकाच की पाळण्यातून उतरलेलं मूल त्या रहाटापाशी थांबतं का, आणि थांबलंच तर तो कोण फिरवत होतं हे त्याला सांगायला तिथं कुणी असतं का.

सांगणारा माणूस असणं, हेच मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. छताचा आवाज बदलला की पळायचं, हे फलकावर लिहिता येतं. पण पळालेला माणूस ते सांगतो तेव्हा ऐकणाऱ्याची नजर आपोआप छताकडे जाते. ही माणसं मात्र कायमची पुरणार नाहीत. टॉवर ही दक्षिण वेल्समधली शेवटची मोठी खोल खाण २००८ मध्ये बंद झाली. कोळसा फोडलेले हात तिथं आता वर्षागणिक कमीच होणार.

हा प्रश्न आपल्या दारातही आहे. नागपूरजवळ सावनेरला कोळसा खाणीचं पर्यटन २०१६ मध्ये सुरू झालं. चंद्रपूर, बल्लारपूर, वणी, उमरेड या पट्ट्यातल्या कित्येक घरांची चूल खाणीच्या पाळीवर पेटत आली आहे. कोळसा कधी ना कधी संपेल किंवा नकोसा होईल, आणि मग रिकाम्या खाणींचं काय करायचं याच्या योजना निघतील. त्या योजनांत रोषणाई आणि उपाहारगृहाची तरतूद होईलच. पण पहिली तरतूद माणसांची हवी. पहिल्या पाळीला खाली गेलेल्यांच्या, घरी त्यांची वाट पाहत बसलेल्या बायकांच्या, फुप्फुसात धूळ घेऊन निवृत्त झालेल्यांच्या आठवणी त्यांच्याच बोलीत आज नोंदवून ठेवायला हव्यात. खाण दाखवण्याच्या नोकरीवर पहिला हक्कही त्यांच्याच घरांचा असायला हवा. बोगदे पन्नास वर्षांनीही सजवता येतील. ही माणसं तोवर थांबणार नाहीत.