साथ ओसरल्यावर

डोंबिवली-कल्याणची माणसं दिवस मोजतात ते लोकलच्या वेळांनी. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत लोकलच थांबली आणि सकाळ एकदम लांबलचक झाली. धुण्याभांड्याच्या मावशी येईनात. मग कितीतरी घरांत पुरुषांनी पहिल्यांदाच भाजी चिरली, खरकटी भांडी घासली. दारात साबण आणि बादली आली. आपल्या आज्या पाय धुतल्याशिवाय कुणाला आत घेत नसत म्हणा, पण ते आपण विसरलो होतो.

साथीनं मुंबईला आधीही बदललं होतं. १८९६ साली मांडवी भागात प्लेग आला आणि जवळपास निम्मं शहर गावाकडे पळालं. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. कोंदट वस्तीत समुद्राचा वारा खेळावा म्हणून त्यानं प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती वसवल्या. भीती ओसरली, तरी रस्ते काही मागे सरकले नाहीत.

आपल्या सवयी मात्र सरकल्या. भाजीवालीला मोबाइलवरून पैसे देणं टिकलं, कारण त्यात आपलीच सोय आहे. दारातली बादली गेली. खोकला झाला तरी मास्क आठवत नाही. आणि भांड्यांचा ढीग पुन्हा घरच्या बाईकडे, नाहीतर मावशींकडे गेला. मला हेच सगळ्यात जास्त खटकतं, कारण ते काम पुरुषांनाही जमतं हे तेव्हा सिद्ध झालं होतं.

तेव्हा मंडळी, आज चहा झाला की निदान आपापला कप आपणच विसळून ठेवा.