नळीतला बदल आणि प्रमाणाचा प्रश्न

बारा बोअरच्या बंदुकीची नळी आतून बदलून घेतली तर खांद्यावरचा धक्का कमी होतो का, आणि छर्रे अधिक एकसारखे पसरतात का, हा प्रश्न वरवर पाहता कारागिराचा आहे. पण बदलाच्या बाजूने दिला जाणारा पुरावा तपासू लागले की तो प्रमाणशास्त्राचा, म्हणजे ज्ञान खरे कशावरून ठरते याचा होतो. बदल करून घेतलेला नेमबाज बहुधा एवढेच सांगतो की फरक जाणवला. जाणवणे हे ज्ञान कधी ठरते आणि कधी नाही, याची बारकाईने चिकित्सा न्यायदर्शनात आहे. तिचा उपयोग इथे थेट होतो.

नळीत प्रामुख्याने तीन बदल केले जातात. काडतूस जिथे बसते त्या खोबणीचा पुढचा व्यास सुमारे 20.3 मिलिमीटर असतो, तर पुढच्या नळीचा 18.5. या दोहोंना जोडणाऱ्या निमुळत्या भागाला फोर्सिंग कोन म्हणतात. जुन्या बंदुकांत हा उतार आखूड असतो. तो घासून चार-पाच सेंटिमीटर लांब करणे हा पहिला बदल. संपूर्ण नळीचा व्यास किंचित वाढवणे हे बॅकबोअरिंग. तोंडाजवळ बारीक छिद्रे पाडून वायूला बाजूने किंवा वर वाट देणे हे पोर्टिंग.

धक्क्याचे गणित संवेगाच्या नियमावर चालते. छर्रे, बूच आणि जळलेल्या दारूचा वायू जितक्या संवेगाने पुढे जातो, तितक्याच संवेगाने बंदूक मागे येते. 28 ग्रॅम छर्रे सेकंदाला 400 मीटर वेगाने सोडणाऱ्या, 3.2 किलो वजनाच्या बंदुकीचा धक्का साधारण 25 ज्यूल भरतो. तेवढ्याच वेगाचे 24 ग्रॅमचे काडतूस वापरले तर तो 20 ज्यूलच्या आसपास येतो. काडतूस तेच ठेवून बंदुकीचे वजन अर्धा किलो वाढवले तर सुमारे 22. फोर्सिंग कोनची लांबी या हिशेबात कुठेच येत नाही. छर्ऱ्यांचा वेग बदलला तरच तिचा परिणाम होईल, आणि तो वेग फारसा बदलत नाही. पोर्टिंगमुळे नळीचे तोंड वर उसळणे थोडे कमी होऊ शकते, पण लांब नळीच्या टोकाशी वायूचा दाब मुळातच उतरलेला असतो. त्यामुळे लाभ माफक आणि आवाज मात्र जास्त, असा हा व्यवहार ठरतो.

मग फरक जाणवला म्हणणारा खोटे बोलतो का? न्यायमताने नाही. सुखदुःखाचे ज्ञान हे मानस प्रत्यक्ष आहे. खांदा कमी दुखला हा अनुभव ज्याचा त्याला, आणि गणिताने तो खोडता येत नाही. मात्र ‘नळी बदलल्यामुळे कमी दुखला’ हे विधान प्रत्यक्षाचे नाही, अनुमानाचे आहे. दुखणे अनुभवाला येते. त्याचे कारण अनुभवाला येत नाही, ते जोडले जाते. नळीबद्दलच्या बहुतेक वादांत हीच गल्लत होते. अनुभव खरा असतो म्हणून त्याला चिकटवलेले कारणही खरे मानले जाते.

अनुमानाला व्याप्ती लागते, म्हणजे दोन गोष्टींचे न चुकणारे साहचर्य. ते तपासताना नैयायिक उपाधी शोधतात. अग्नी आहे म्हणून धूर असेलच असे म्हणता येत नाही, कारण धूर ओल्या सरपणावर अवलंबून असतो. ओले सरपण ही तिथली उपाधी. बंदुकीच्या बाबतीत अशा उपाध्या अनेक आहेत. नळी कारागिराकडे गेली की त्याच वेळी दस्त्याला नवे रबरी पॅड बसते, दस्त्याची लांबी मापाला येते, काडतुसाचा नवा खोका आणला जातो. खर्च केलेला आहे, ही भावनाही असतेच. दस्ता अंगाला नीट बसला तर धक्का मोठ्या पृष्ठभागावर विभागला जातो आणि तेवढाच धक्का सौम्य वाटतो. हे सगळे स्थिर ठेवून फक्त नळी बदलली, आणि कोणती नळी हातात आहे हे नेमबाजाला कळू दिले नाही, तरच अन्वय-व्यतिरेकाची, म्हणजे कारण असता कार्य होते आणि नसता होत नाही ही कसोटी पुरी होते. तसे न करता काढलेला निष्कर्ष काकतालीय न्यायाचा, म्हणजे निव्वळ योगायोगाचा.

छर्ऱ्यांच्या फैलावाचा प्रश्न वेगळा आहे, कारण तो मोजता येतो. 40 यार्डांवर 30 इंच व्यासाच्या वर्तुळात फुल चोकच्या, म्हणजे तोंडाशी पूर्ण आवळलेल्या नळीतून साधारण 70 टक्के छर्रे पडावेत, असा रूढ संकेत आहे. 24 ग्रॅमच्या बारीक छर्ऱ्यांच्या काडतुसात सुमारे 300 छर्रे धरले तर वर्तुळात 210 अपेक्षित आहेत. पण काहीही न बदलता केवळ योगायोगाने ही संख्या 16 ने कमी-जास्त होऊ शकते. म्हणून आधीचा एक कागद आणि नंतरचा एक कागद शेजारी ठेवून काही सिद्ध होत नाही. दोन्ही बाजूंनी निदान दहा-दहा बारांची सरासरी काढली तरच पाचसात छर्ऱ्यांचा फरक अर्थपूर्ण ठरू लागतो. लांब कोनमुळे शिशाचे छर्रे कमी चेपतात, हा तर्क योग्य आहे. मात्र काडतुसात छर्ऱ्यांना वेढणारा प्लॅस्टिकचा पेला आल्यापासून हे चेपणे तसेही घटले आहे. चोक आणि काडतूस बदलल्याने पडणारा फरक याहून बराच मोठा असतो.

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. नळी हे यांपैकी फक्त करण, म्हणजे साधन. नेमबाजाचे शरीर, त्याची उभी राहण्याची ढब, चाप ओढण्याची क्रिया यांचा वाटा वेगळा. फैलावातला जो भाग कोणत्याही सुधारणेने आटोक्यात येत नाही, तो दैवाच्या खात्यावर मांडता येईल. एकाच करणावर पाचांचे श्रेय लादणे ही तात्त्विक चूक आहे. दसऱ्याची शस्त्रपूजाही या भूमिकेशी विसंगत नाही. पूजेत साधनाला मान मिळतो, कर्तेपण मिळत नाही.

ठाण्याच्या खाडीकाठी असलेल्या कळव्यासारख्या ठिकाणी या प्रश्नाला व्यवहाराचीही बाजू आहे. ठाणे-डोंबिवली पट्ट्यात कोकणातून आलेली बरीच कुटुंबे आहेत, आणि कोकणात रानडुकरे-माकडांपासून शेती राखण्यासाठी परवान्याची बंदूक बाळगण्याची जुनी रीत आहे. अशा वडिलोपार्जित बंदुकीची नळी बदलायची झाल्यास काम परवानाधारक बंदूक-कारागिराकडेच द्यावे लागते. 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 6 नुसार नळी आखूड करायलाही स्वतंत्र परवाना लागतो. नळीला आतून क्रोमचा थर असेल तर कोन घासताना तो निघून जातो, आणि खाडीकाठच्या दमट हवेत तिथे गंज धरतो. जुन्या नळीच्या भिंती पातळ असतील तर व्यास वाढवणे धोक्याचे. शिवाय घासून काढलेला धातू परत बसवता येत नाही, म्हणून पुराव्याचा भार बदल सुचवणाऱ्यावर अधिक पडतो.

यावरून क्रम ठरतो. धक्का कमी हवा असेल तर आधी हलके काडतूस, मग मापाचा दस्ता आणि पॅड, मग वजन. फैलाव सुधारायचा असेल तर आधी काडतूस आणि चोक बदलून कागदावर पुरेसे बार मोजावेत. एवढे करूनही उणीव उरली, नळीचा कोन खरोखरच आखूड निघाला आणि भिंतींची जाडी पुरेशी असली, तर फोर्सिंग कोन लांब करण्याला कारण आहे. निव्वळ जाणवण्याच्या भरवशावर केलेले पोर्टिंग किंवा बॅकबोअरिंग त्या खर्चाचे समर्थन करू शकत नाही.