ठेका, कंठ आणि संमती

जुन्या गीतावर नवा नृत्यठेका चढविला की मूळ कृतीचा भंग झाला, असे सहज म्हटले जाते. हा आक्षेप तपासून घ्यावयास हवा. हिंगोली जिल्ह्यातील नर्सी हे परंपरेने नामदेवांचे (१२७०-१३५०) जन्मगाव. त्यांच्या अभंगांना एकच एक चाल कधीच नव्हती. त्यांच्या नावावरील ६१ पदे तर गुरू ग्रंथसाहिबात रागवार मांडणीत समाविष्ट झाली. दिंडीत अभंगावर पावली खेळली जाते. तेव्हा चाल बदलणे अथवा नाचणे हा मुळात दोष ठरत नाही.

भेद अन्यत्र आहे. अभंग ही संहिता आहे. प्रत्येक गायक ती आपल्या श्वासाने नव्याने उभी करतो. भजनात लय चढते ती गायक आणि टाळकरी यांच्या परस्पर प्रतिसादातून. रीमिक्समध्ये मात्र ध्वनिमुद्रित कंठच कच्चा माल होतो: ठेका आधी ठरतो आणि श्वास त्याच्या मापाने कापला जातो. २०१२च्या दुरुस्तीने स्वामित्वहक्क कायद्यात गायकाला आपल्या सादरीकरणाच्या प्रतिष्ठाघातक विकृतीस हरकत घेण्याचा हक्क मिळाला. परंतु प्रतिष्ठा अबाधित राखूनही एखाद्या कंठाला निव्वळ साधन करता येते. तेथे कायदा संपतो आणि नीती सुरू होते.

औंढा नागनाथाची आख्यायिका सांगते की, नामदेवांना कीर्तनासाठी मागे जावे लागले तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले. म्हणून निकष एवढाच: नवा ठेका त्या कंठाकडे वळतो, की कंठालाच वळवून घेतो?