तिसऱ्या सिलिंडरचा ठोका

वाचनासाठी : यहोशवा, अध्याय ७, स्तोत्र १३९



यहोशवाच्या पुस्तकातील सातवा अध्याय आपणांपैकी बहुतेकांनी शब्बाथ शाळेत ऐकला असेल आणि पुढे फारसा उघडला नसेल. तो सुखकर नाही. यरीहोचा तट कोसळल्यानंतर लगेचच इस्राएल लोक आय नावाच्या एका लहानशा नगरापुढे हरतात, छत्तीस माणसे मारली जातात, आणि एवढ्या मोठ्या विजयानंतर असे का व्हावे हे कोणालाच उमगत नाही. या अध्यायावर मी पूर्वी दोन-तीनदा उपदेश केला होता. परंतु तो मला खऱ्या अर्थाने समजला तो बंगळुरात, जे. सी. रोडच्या मागील एका अरुंद गल्लीत, एका मोटार गॅरेजमध्ये. ती हकीकत आज आपणांपुढे ठेवीत आहे. ती सांगताना मला संकोच वाटतो, हे आरंभीच कबूल करतो.

साल १९९६. मी दीक्षित पाळक होतो आणि नाशिकहून पुढील अभ्यासासाठी मिलर्स रोडवरील युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात आलो होतो. शहरातील मराठी भाषिक ख्रिस्ती कुटुंबे दर रविवारी संध्याकाळी कोणा एकाच्या घरी उपासनेसाठी जमत. कोणी सैन्यात, कोणी विमानाच्या कारखान्यात, कोणी बँकेत नोकरीस होते. त्यांच्या सेवेची जबाबदारी माझ्याकडे आली. घरे दूरदूर विखुरलेली, म्हणून या मंडळींनी वर्गणी काढून एक जुनी डिझेल अँबॅसिडर घेतली होती. वृद्धांना आणणे, आजाऱ्यांना भेटी देणे हे सारे तीवरच चाले. वर्षभरात तिचे इंजिन धूर ओकू लागले, तेल पिऊ लागले, आणि ते पूर्ण खोलून नव्याने बांधावे असे ठरले. पुन्हा वर्गणी झाली. एका विधवा भगिनीने आपल्या निवृत्तिवेतनातून दिलेली नोट मला आजही आठवते. सारी रक्कम माझ्या हाती सोपविण्यात आली.

गॅरेजचे मालक बंगळुरातील जुन्या मराठा घराण्यातले होते. शहाजीराजांना १६३८ साली बंगळूर मिळाले, त्यांच्याबरोबर आलेल्यांपैकी आम्ही, असे ते अभिमानाने सांगत. त्यांची मराठी कानडी वळणाची, पण गोड. मी प्रॉटेस्टंट असूनही ते मला ‘फादर’ म्हणत, आणि मीही ते कधी दुरुस्त केले नाही. त्यांनी इंजिन उतरविले, बोअर करून घेतले, नवी पिस्टने, नव्या रिंगा, नवी बेअरिंगे आणविली. फक्त एक काम त्यांनी माझ्याकडे दिले : चारही इंजेक्टर पंपवाल्याकडे नेऊन तपासून आणणे.

येथे डिझेल इंजिनाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याचे इंजिन १८९७ साली यशस्वी ठरले. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी इंधन पेटविते. यात ठिणगी नसते. पिस्टन हवा इतकी दाबते की ती स्वतःच तापते, आणि त्या तापलेल्या हवेत इंधनाचा फवारा सोडला की ते आपोआप पेट घेते. हा फवारा सोडणारे टोक म्हणजे नोझल. त्यातील सुई आणि तिचे घर यांत केसाहूनही कितीतरी बारीक अंतर असते. आपल्याभोवतीच्या हवेच्या दाबाच्या शंभरपटीहून अधिक दाबाने डिझेल तेथून धुक्यासारखे बाहेर पडले पाहिजे. धुक्याऐवजी थेंब गळू लागले, तर ते इंधन वेळेवर पेटत नाही. साचते आणि मग एकदम भडकते. त्या भडक्याचा आवाज लोखंडावर हातोडा मारावा तसा येतो.

पंपवाल्याने एकेक इंजेक्टर आपल्या यंत्राला लावला आणि हाताने दांडा दाबला. पहिल्याचे, दुसऱ्याचे, चौथ्याचे छान धुके झाले. तिसऱ्यातून मात्र थेंब ओघळला. त्याने चिठ्ठीवर लिहून दिले की तिसऱ्याचे नोझल बदला. किंमत काहीशे रुपये. पैसे माझ्या खिशात होते, आणि ते त्याच कामासाठी होते. मी त्याला म्हणालो, “सध्या साफ करून द्या.”

परतताना मी अव्हेन्यू रोडवर उतरलो. तेथील जुन्या पुस्तकांच्या दुकानात एक जाडजूड पवित्र शास्त्राचा शब्दकोश मी महिनाभर पाहून ठेवला होता. तो मी घेतला. वाचकहो, मी स्वतःशी काय बोललो तेही सांगतो. हे पुस्तक सेवेसाठीच आहे, मंडळीच्याच उपयोगी पडणार आहे, आणि साफ केलेले नोझल चालेलच. गॅरेजमध्ये जाऊन मी म्हणालो, “चारही तपासली. ठीक आहेत.”

इंजिन बांधून झाले, सुरू झाले, आणि पहिल्याच दिवशी ठोका वाजू लागला. ठक्, ठक्, ठक्. डिझेलचे इंजिन मुळातच थोडे खडखडते, त्यामुळे मला वाटले की नवे आहे, रुळेल. पण चढावर तो ठोका असा वाढे की रस्त्यावरची माणसे वळून पाहत.

मालकांनी तपास सुरू केला. लांब पेचकसाचे टोक इंजिनावर आणि मूठ कानाला लावून ते ठिकठिकाणी ऐकत राहिले. परंतु लोखंड आवाज सर्वत्र पसरविते. जेथे कान लावावा तेथे तो असल्यासारखा वाटतो. टॅपेटची फट त्यांनी फिलर गेजने मोजली. टॅपेटचा आवाज क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा येतो आणि हलका असतो. हा तसा नव्हता. तेलाचा दाब गरम इंजिनावरही उतरत नव्हता. मग इंजिन चालू ठेवून त्यांनी इंजेक्टरच्या नळ्यांचे नट एकामागून एक सैल केले. नट सैल केला की त्या सिलिंडरला इंधन मिळत नाही आणि त्याचे काम थांबते. पहिला सैल केला, ठोका तसाच. दुसरा, तसाच. तिसरा सैल केला आणि ठोका थांबला.

आवाजाचे घर सापडले. परंतु पुढे काय झाले ते नीट लक्षात घ्या. इंधन तोडले की फवाऱ्याचा दोष जसा गप्प होतो, तसेच त्या पिस्टनवरचा भार उतरल्यामुळे सैल बेअरिंगही गप्प होते. दोष नोझलमध्ये की खाली कनेक्टिंग रॉडमध्ये, हे या परीक्षेने कळत नाही. आणि नोझल तर ठीक होते. फादरनी स्वतः सांगितले होते. म्हणून त्या भल्या गृहस्थाने गाडीखाली शिरून ऑइल चेंबर खोलला, तिसऱ्या रॉडची टोपी काढली, बेअरिंग मोजले. काही दोष नाही. पुन्हा बांधले. ठोका तसाच. दोन दिवसांनी पुन्हा खोलले.

मी तेथे उभा राहून हे पाहत होतो. माझ्या खिशातील पाकिटात ती चिठ्ठी होती.

यहोशवाच्या त्या अध्यायात एक रात्र आहे, जिच्याकडे माझे पूर्वी लक्ष गेले नव्हते. पराभवाची वार्ता ऐकून यहोशवा वस्त्रे फाडून संध्याकाळपर्यंत कराराच्या कोशापुढे पालथा पडतो. प्रभू त्याला उठावयास सांगतो. पडून राहण्याची ही वेळ नाही. छावणीत काही लपविलेले आहे, सकाळी सर्वांनी वंशावंशाने पुढे यावे, अशी आज्ञा होते. म्हणजे ही सूचना आदल्या दिवशीच झाली. आखानाला संपूर्ण रात्र मिळाली. त्याच्या तंबूखाली शिनारचा सुंदर झगा, दोनशे शेकेल रुपे आणि पन्नास शेकेलांची सोन्याची वीट पुरलेली होती, आणि त्यावरच तो निजला. सकाळी यहूदाचा वंश पुढे आला, मग जेरहाचे कूळ, मग जब्दीचे घराणे, मग एकेक पुरुष. प्रत्येक पायरीवर तो बोलू शकला असता. तो बोलला नाही. प्रभूला नाव ठाऊक नव्हते असे नाही. मग थेट नाव न घेता ही एवढी लांब वाट कशासाठी? मला वाटते, ती वाट म्हणजे आखानाला दिलेला अवधी होता. अर्थात पुढे त्याच्या घरादाराचे जे झाले ते वाचताना माझे मन आजही अडखळते, आणि त्याचे सोपे उत्तर मी आपणांस देणार नाही.

मीही प्रार्थना करीत होतो. एका संध्याकाळी गॅरेजमध्ये कोणी नसताना त्या इंजिनावर हात ठेवून मी प्रार्थना केली, हे सांगताना आज हसू येते आणि लाजही वाटते. यहोशवाला जे उत्तर मिळाले तेच मला लागू होते. ऊठ. पण मी उठलो नाही. उलट, रविवारी उपासनेनंतर चहाच्या वेळी कोणीतरी विचारले, “पाळकसाहेब, गाडीचे काय झाले?” आणि मी म्हणालो, “गॅरेजवाल्याने बेअरिंगे हलकी घातलेली दिसतात.” एवढेच वाक्य. ऐकणाऱ्यांत एक बंधू होते. त्यांच्या दोन टॅक्सी त्याच गॅरेजमध्ये येत. मालकांची उरलेली मजुरीही मी ठोका जाईपर्यंत रोखून धरली होती.

प्रिय वाचक, झाकलेल्या पापाविषयी आपण सहसा असे समजतो की ते ज्याचे त्याच्यापाशी पडून असते. ते तसे पडून राहत नाही. ते शोधणाऱ्याला चुकीच्या दारी पाठविते. आपल्या घरात जेव्हा अकारण चिडचिड वाढते, दोन भावांत बोलणे थांबते, मंडळीच्या पंचांत एखादा विषय निघताच सर्वजण गप्प होतात, तेव्हा आपण चेंबर खोलतो. सुनेचा स्वभाव तपासतो, पाळकाचा उपदेश तपासतो, मुलांचे मित्र तपासतो. निरपराध बेअरिंगे पुन्हापुन्हा मोजली जातात. आणि एक दार असे असते की ज्याविषयी आपणच सांगून ठेवलेले असते, “ते मी पाहिले आहे, ते ठीक आहे.” त्या दाराशी कोणी जात नाही, कारण लोकांचा आपल्यावर विश्वास असतो. स्तोत्र १३९ चा कर्ता शेवटी देवाला आपला शोध घेण्याची विनंती करतो. आपण ते प्रभुभोजनापूर्वी मोठ्या भक्तीने वाचतो. पण देवाने शोध घ्यावा असे म्हणताना कोणत्या खोल्यांच्या किल्ल्या आपण मुठीत ठेवलेल्या असतात?

आठव्या दिवशी मालक म्हणाले, “फादर, एक करून बघतो.” त्यांनी पहिला आणि तिसरा हे दोन इंजेक्टर काढले आणि त्यांची अदलाबदल केली. पहिल्याच्या जागी तिसरा, तिसऱ्याच्या जागी पहिला. इंजिन सुरू केले. तिसऱ्याचा नट सैल केला; ठोका गेला नाही. पहिल्याचा सैल केला, ठोका थांबला.

ठोका नोझलबरोबर गेला होता. जागा बदलली तरी तो त्याच्यासोबत चालला. मग त्यांनी तो इंजेक्टर पुन्हा काढून नळीला बाहेरच्या बाजूस जोडला आणि मुलाला इंजिन फिरवावयास सांगितले. टोकाशी डिझेलचा थेंब फुगला आणि खाली पडला. धुके नव्हतेच.

त्यांनी हात चिंधीला पुसले आणि विचारले, “पंपवाल्याची चिठ्ठी आहे काय?”

त्या क्षणी मी काहीही बोलू शकलो असतो. हरवली, असेही. यहोशवा आखानाला ‘माझ्या मुला’ अशी हाक मारतो, हे त्या अध्यायातील मला सर्वांत असह्य वाटणारे स्थान आहे. त्या गृहस्थांच्या स्वरातही राग नव्हता. मी पाकीट काढले आणि चिठ्ठी दिली. त्यांनी चष्मा लावून ती वाचली, तिची पहिल्यासारखी घडी घातली आणि मला परत दिली.

“दोनदा चेंबर खोलला,” ते एवढेच म्हणाले.

आखानाने आपल्या कबुलीत चार पायऱ्या सांगितल्या. त्याने पाहिले, त्याला लोभ सुटला, त्याने घेतले, त्याने लपविले. मला वाटते, पहिल्या तीन पायऱ्यांवर आपणांपैकी बरेचजण कधी ना कधी उभे राहिले आहेत. छत्तीस घरांत आकांत झाल्यावरही त्याने ते लपवूनच ठेवले, ही चौथी पायरी. ज्या खोऱ्यात त्याचा शेवट झाला त्याला अखोर, म्हणजे क्लेशाचे खोरे, असे नाव पडले. पुढे कित्येक शतकांनी होशेय संदेष्ट्याच्या द्वारे प्रभूने त्याच खोऱ्याचे नाव घेऊन ते आशेचे दार होईल असे अभिवचन दिले. दार दुसरीकडे कोठे उघडत नाही. त्याच खोऱ्यात उघडते. ख्रिस्ताच्या वधस्तंभाकडे जाताना आपणांस वळसा घालून जाता येत नाही, तो याच अर्थाने.

मी शब्दकोश अव्हेन्यू रोडवर परत नेला. दुकानदाराने निम्म्याने घेतला. उरलेले पैसे माझ्या वेतनातून घालून नवे नोझल आणले. ते नाशिकचे, सातपूरच्या मायको कारखान्यात तयार झालेले होते. २००८ पासून त्या कंपनीचे नाव बॉश आहे, पण शहरातील एका चौकाला नाशिककर अजूनही मायको सर्कलच म्हणतात. त्या कारखान्यातील कामगार आमच्या गावच्या मंडळीत माझ्या बाकावर बसत. ती डबी हातात धरून मी जे. सी. रोडवर बराच वेळ उभा होतो. मालकांनी नोझल बसविले. इंजिनाने आपला मूळचा खडखडाट धरला आणि ठोका गेला. दोनदा चेंबर खोलल्याची मजुरी त्यांनी मागितली नाही. मी ती उरलेल्या पैशांसह ठेवली. त्यांनी मोजून घेतली. त्यांनी ती नाकारली नाही याचे मला बरे वाटले.

पुढच्या रविवारी प्रभुभोजन होते. मेजापुढे उभा राहून मी प्रथम ही सारी हकीकत सांगितली : नोझल, पुस्तक, चिठ्ठी, आणि चहाच्या वेळचे ते वाक्य. भाकर मोडण्याचे काम त्या दिवशी मी एका वडील बंधूंना करावयास सांगितले आणि स्वतः शेवटच्या रांगेत बसलो. ती विधवा भगिनी माझ्या शेजारी होती. तिने काही न बोलता गीतांचे पुस्तक माझ्या बाजूला सरकविले.

टॅक्सीवाले बंधू दुसऱ्याच दिवशी गॅरेजमध्ये गेले. त्यांची एक गाडी पुन्हा तेथे येऊ लागली. दुसरीचे काम त्यांनी मधल्या काळात दुसऱ्या एका गॅरेजला वर्षाच्या बोलीने देऊन टाकले होते, आणि दिलेला शब्द त्यांना मोडता येईना.