थांबलेला आकडा

उज्जैनच्या रेल्वे स्टेशनाजवळ देवास गेटचा भाग आहे. बसस्थानक तेथेच असल्याने दिवसभर वर्दळ असते. त्या बाजूच्या एका मिस्त्रीकडे आम्ही आमची जुनी अँबॅसॅडर नेली होती. गाडी १९५९ सालची, मीटर मैलांचे. दोन वर्षांपासून वेगाचा काटा शून्यावर पडून होता आणि मैलांचा आकडा ६१,४८० वर थांबला होता. गाडी विकायची ठरली होती. घरात एक शस्त्रक्रिया व्हायची होती आणि खर्चाची जुळवाजुळव चालली होती. गिऱ्हाईक येण्यापूर्वी मीटर चालू करून घ्यावे, एवढाच आमचा हेतू होता.

मिस्त्रीने पहिला प्रश्न विचारला, काटा आणि आकडे एकदमच थांबले की निरनिराळ्या वेळी? आम्ही म्हणालो, एकदमच. त्याआधी काही दिवस काटा थरथरत असे. तेव्हा त्याने मीटर न उघडता केबलला हात घातला. गिअरबॉक्सपासून मीटरपर्यंत एका नळीतून तारेची केबल जाते आणि चाकांबरोबर ती फिरते. मीटरमध्ये तिच्या टोकाशी एक लोहचुंबक असतो. त्याच्या फिरण्याने ॲल्युमिनियमची एक वाटी स्पर्शाविना ओढली जाते, आणि काटा त्या वाटीला जोडलेला असतो. बारीक केसासारखी स्प्रिंग त्याला मागे खेचते. वेग आणि ती स्प्रिंग यांचा मेळ बसतो तेथे काटा थांबतो. ही युक्ती जर्मनीतील ओटो शुल्झ यांनी १९०२ साली शोधली. आकड्यांची चक्रे मात्र त्याच केबलवर दातेरी चाकांनी फिरतात. म्हणून केवळ काटा बिघडला तर दोष मीटरमध्ये, केवळ आकडे अडले तर दोष चक्रांत, आणि दोन्ही एकदम बंद पडले तर बहुधा केबल तुटलेली.

तसेच निघाले. गिअरबॉक्सच्या टोकाशी केबल तुटली होती. त्याने नवी घातली, तिला बेताचेच ग्रीस लावले. जास्त लावले तर ते वर चढून मीटरमध्ये शिरते, असे तो म्हणाला. मग देवास रस्त्यावर पाच किलोमीटरचे दगड मोजत गाडी नेली. मीटरने तीन मैलांहून किंचित अधिक दाखवले, म्हणजे बरोबर. परत आल्यावर मात्र त्याने सहज विचारले, "बोलो साब, कितने पे बिठा दूँ?"

आम्ही तत्काळ नको म्हणालो, आणि घरी येईपर्यंत स्वतःवर फार खूष होतो. आकडा मागे फिरवणे ही चोरी आहे, हे रविवारच्या शाळेतले मूलही सांगेल. पण रात्री दुसराच प्रश्न उभा राहिला. मीटर आता चालू आहे. त्यावर ६१,४८३ दिसते. ज्या दोन वर्षांत ते बंद होते, त्या काळातले मैल कोठे आहेत? आम्ही पेट्रोलची वही काढली. १,२४० लिटर, लिटरला अदमासे दहा किलोमीटर, म्हणजे सुमारे ७,७०० मैल. आम्ही खोटा आकडा बसवला नव्हता. केवळ गप्प राहिलो असतो, तर तो आपोआप खोटा होणार होता.

मनाने लगेच वकिली सुरू केली. जुन्या गाडीच्या मीटरवर कोण विश्वास ठेवतो? पाच आकड्यांचे मीटर ९९,९९९ नंतर शून्यावर येते. पूर्वी किती वेळा आले असेल, देव जाणे. हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. परंतु त्या आकड्यावर कोणाचाच विश्वास नसता, तर तो मागे घेण्याची विचारणाच मिस्त्रीने का केली असती? आकड्याला किंमत मिळते, म्हणूनच तो प्रश्न जन्मतो.

येथे आम्हांला हनन्या व सप्पीरा आठवली. प्रेषितांच्या कृत्यांतील ही गोष्ट आपण कंजूषपणाची समजतो; पण त्यांनी आणलेले पैसे खरे होते, आणि उरलेले ठेवून घेण्यास पेत्राची हरकत नव्हती. अपराध एवढाच की, भाग आणून तो संपूर्ण म्हणून पायांशी ठेवला. आमचे ६१,४८३ मैलही खरेच होते. गाडी तेवढी नक्कीच चालली होती. पण तो भाग होता.

अमेरिकेने १९७२ साली मीटरचा आकडा मागे फिरवण्यावर कायद्याने बंदी घातली. त्या कायद्यातील एक तरतूद आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते. दुरुस्तीनंतर पूर्वीचा आकडा कायम ठेवता येत नसेल, तर मीटर शून्यावर आणावे आणि डाव्या दाराच्या चौकटीवर तसे लिहून लावावे. तेथे निर्दोष यंत्राचा आग्रह नाही, दोष उघड सांगण्याचा आहे. उज्जैनकरांना याचा दाखला दूर शोधावा लागत नाही. सवाई जयसिंगांच्या वेधशाळेतील सम्राट यंत्राची सावली उज्जैनची स्थानिक वेळ दाखवते. ती आपल्या घड्याळाहून सुमारे सत्तावीस मिनिटे मागे असते, आणि ऋतूप्रमाणे हा फरक कमीजास्त होतो. पण किती मिनिटे मिळवायची हे माहीत असले, की कोणी त्या यंत्राला खोटे म्हणत नाही. ज्ञात फरक सांगितला की मापन प्रामाणिक राहते.

आम्ही एका कागदावर दोन ओळी लिहिल्या: मीटर दोन वर्षे बंद होते; अंदाजे ७,७०० मैल अधिक धरावेत; त्यापूर्वीचे ठाऊक नाही. गिऱ्हाइकाने तो वाचला आणि किंमत कमी केली. आमच्या प्रामाणिकपणाने भारावून त्याने जास्त पैसे दिले, असे लिहिता आले असते तर लेख गोड झाला असता. तसे घडले नाही. उरलेली रक्कम भावाकडून उसनी घ्यावी लागली, आणि ती अजून फिटलेली नाही.

पिशवीत दोन वजने ठेवू नयेत, असे नियमशास्त्र सांगते. आपल्यापैकी बहुतेकांच्या पिशवीत एकच वजन असते, आणि तेही खरे असते. फक्त ते कोठे झिजले आहे हे आपण सांगत नाही. मंडळीच्या अहवालात, साक्ष देताना, मुलांना आपले तरुणपण सांगताना आपण किती वर्षांचे मीटर बंद ठेवतो? परमेश्वरापुढे आपले सारे मैल मोजलेलेच आहेत. प्रश्न एवढाच, की ज्याच्या हाती आपण गाडी देतो, त्याला तो कागद देणार आहोत का?