परिस्थितीवर न टेकलेला आनंद

माणूस रोज ज्या आशेवर जगतो ती बहुतेक वेळा परिस्थितीला बांधलेली असते. पाऊस वेळेवर येईल, मुलाला नोकरी लागेल, तपासणीचा अहवाल चांगला येईल, अशा अपेक्षांवर घरे चालतात आणि त्यात गैर काही नाही. मात्र या आशेला मुदत असते. पाऊस आला नाही, नोकरी गेली, अहवाल वाईट निघाला की ती संपते आणि तिच्याबरोबर आनंदही जातो. परिस्थिती कोसळल्यावरही उरणारी आशा असू शकते का, हा खरा प्रश्न आहे. ख्रिस्ती श्रद्धा असे उत्तर देते की असू शकते. पण हे उत्तर उपासनेत टाळ्या वाजवून सिद्ध होत नाही. ती आशा कशावर उभी आहे आणि दुःखाच्या समोर ती काय करते, या दोन गोष्टी तपासल्याशिवाय तिला टिकाऊ म्हणता येणार नाही. माझे म्हणणे असे की ख्रिस्ती आनंद टिकतो तो भक्ताच्या मनःस्थितीमुळे नव्हे. त्याचा आधार भक्ताच्या बाहेर, देवाने केलेल्या कृतीत आहे. म्हणूनच तो शोकाबरोबर एका घरात राहू शकतो, आणि म्हणूनच तो माणसाला कामाला लावतो.

याचा एक जुना पुरावा प्रेषित पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात आहे. पत्र लहान आहे, चार अध्यायांचे. पण त्यात आनंदाचा उल्लेख जितक्या वेळा येतो तितका त्याच्या दुसऱ्या कुठल्याही छोट्या पत्रात येत नाही. ते लिहिताना पौल बंदीवान होता. तो रोममध्ये होता की इफिसात, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. पण निकाल मृत्युदंडाचाही लागू शकतो, याची त्याला कल्पना होती हे पत्रातच दिसते. तरीही तो परिस्थिती बरी असल्याचा आव आणत नाही. फिलिप्पैच्या मंडळीने भेट देऊन पाठवलेला एपफ्रदीत मरणाच्या दारातून परतला, तो गेला असता तर माझ्या दुःखावर आणखी दुःख आले असते, असे तो मोकळेपणाने सांगतो. काही जण आपल्याला त्रास व्हावा म्हणूनच प्रचार करतात, हेही तो लपवत नाही. आनंद करा असे सांगणारा आणि रडल्याचे कबूल करणारा माणूस एकच आहे. त्याच्या आनंदाला दुःख नाकारण्याची गरज पडत नाही, कारण तो दुःखाच्या अभावावर उभाच नाही.

मग तो कशावर उभा आहे? याचे उत्तर करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात मिळते. येशूला वधस्तंभावर दिल्यानंतर साधारण पंचवीस वर्षांच्या आत लिहिलेल्या या मजकुरात पौल पुनरुत्थानाच्या साक्षीदारांची यादी देतो आणि त्यांतले बरेच जण अजून हयात आहेत असे आवर्जून सांगतो. त्यानंतर तो जे करतो ते धर्माच्या इतिहासात विरळाच आहे. ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश फोल, तुमचा विश्वास फोल, आणि आम्ही सर्व माणसांत अधिक दयनीय, असे तो स्वतःच मांडतो. आपली सारी आशा एका घटनेवर लावून, ती घटना खोटी ठरली तर आशाही खोटी, हे तो आधीच मान्य करतो. धीर देण्यासाठी रचलेल्या समजुतीला इतका धोका पत्करण्याचे कारण नसते. समजूत घालणारा म्हणतो, खरे असो वा नसो, मनाला बरे वाटते ना? पौल नेमके हेच म्हणायला तयार नाही.

यावर पहिला आक्षेप स्वाभाविक आहे: माणसाला मरण नको असते, म्हणून तो मरणावरचा विजय कल्पितो. इच्छा आणि श्रद्धा यांचे नाते मी नाकारत नाही. पण एखादी गोष्ट हवीशी वाटते एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही, तशी खरीही ठरत नाही. निर्णय साक्षीवरच करावा लागतो. शुभवर्तमानांतली साक्ष इच्छेने रचल्यासारखी दिसत नाही. शिष्य पळून गेलेले आहेत, घाबरलेले आहेत, बातमी ऐकून त्यांचा विश्वास बसत नाही. रिकाम्या कबरेची पहिली वार्ता आणतात त्या स्त्रिया, आणि त्या काळच्या समाजात स्त्रियांच्या शब्दाला पुरुषाच्या शब्दाइतके वजन नव्हते. लोकांना पटावे म्हणून कथा रचणाऱ्याने असे साक्षीदार निवडले नसते. यातून पुनरुत्थान गणितासारखे सिद्ध होते असा माझा दावा नाही. विचार करणाऱ्या माणसाने त्यावर विश्वास ठेवणे हे डोळे मिटून उडी मारणे नाही, एवढेच मला म्हणायचे आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मार्क्सने १८४४ मध्ये धर्माला लोकांची अफू म्हटले, आणि त्याच ठिकाणी धर्म हा पिळलेल्यांचा निःश्वासही आहे हे ओळखले. परलोकाची आशा देऊन इहलोकातला अन्याय सोसायला लावणारा धर्म जगात पुष्कळ झाला, ख्रिस्ती नावानेही झाला; हे मान्य करूनच पुढे जायला हवे. पण अशा धर्माला मूळ वचनाचा आधार सापडत नाही. पुनरुत्थानाच्या त्या थोर अध्यायाचा शेवट होतो तो, तुमचे श्रम व्यर्थ नाहीत, म्हणून कामात स्थिर राहा, या आशयाने. आणि मूळ पत्रात अध्यायांच्या खुणा नसल्यामुळे लगेच पुढचा विषय येतो तो यरुशलेमच्या गरजू बांधवांसाठी दर आठवड्याला बाजूला काढायच्या वर्गणीचा. मरणावरच्या विजयानंतर थेट वर्गणी. मरण शेवटचे नसेल तर कुठलीही सेवा वाया जात नाही, हा त्यामागचा विचार आहे.

महाराष्ट्राला हा विचार पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात पाहता येतो. आई, वडील आणि थोरली बहीण दुष्काळाच्या वर्षांत गेली, १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती गेले, तेव्हा मुलगी वर्षाचीही नव्हती. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना तिथल्या ख्रिस्ती व्रतस्थ भगिनी ज्या मायेने वागवत होत्या ते पाहून, आणि शोमरोनी स्त्रीशी येशूने केलेला संवाद वाचून त्या श्रद्धेकडे वळल्या. धर्मगुरू सांगतील ते मुकाट्याने मानण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. मतांविषयी त्यांनी तिथल्या भगिनींशीही पत्रांतून खडा वाद घातला. आणि आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त नंतर सापडला, हे त्यांनी बाप्तिस्म्यानंतरच्या आठ वर्षांविषयी प्रांजळपणे लिहिले. नाव बदलल्याने आनंद येत नाही, ही साक्ष त्यांचीच आहे. तो आनंद लाभल्यावर त्या जगापासून दूर गेल्या का? १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन उपासमारीने खंगलेल्या मुलींना घेऊन आल्या, आणि केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले. तिथे मुली शिकल्या, शेती करू लागल्या, विणकाम आणि छपाई शिकल्या, अंध मुली ब्रेल वाचू लागल्या. ज्या दुष्काळाने स्वतःचे घर खाल्ले त्याच्याच तोंडातून दुसऱ्यांची लेकरे ओढून काढणारी ही आशा अफू नव्हती.

तरी एक आक्षेप उरतो, आणि तो सर्वांत कठीण आहे: विश्वास ठेवणाऱ्यांवरही घाव पडतातच, मग आशेचा उपयोग काय? १९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या, रमाबाईंची एकुलती एक मुलगी आणि कामाची वारसदार. याचे कारण रमाबाईंच्या श्रद्धेने दिले नाही, आणि मीही देऊ धजत नाही. बायबल स्वतःही असे कारण घाईने देत नाही. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र अंधारातच संपते, ईयोबाला त्याच्या दुःखाचे कारण कळतच नाही, आणि येशू स्वतः मित्राच्या कबरेपाशी रडतो. ख्रिस्ती आशा प्रत्येक दुःखाचा अर्थ सांगण्याचे वचन देत नाही. दुःखात देव अनुपस्थित नाही आणि दुःखाला शेवटचा शब्द नाही, एवढे वचन ती देते. मुलीच्या मृत्यूनंतर रमाबाई हिब्रू आणि ग्रीकवरून चाललेले बायबलचे मराठी भाषांतर पुरे करण्यात गुंतल्या. एप्रिल १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले, आणि १९२४ मध्ये ते छापून प्रसिद्ध झाले.

धैर्य आणि सेवा ही ख्रिस्ती माणसांचीच मक्तेदारी आहे, असे यातून कोणी समजू नये. वारकरी संतांच्या भूमीत तसे म्हणणे कृतघ्नपणाचे ठरेल. मी फक्त ख्रिस्ती आनंदाचा आधार कोणता आणि तो भार पेलतो का, हे तपासले. आता मंडळ्यांना एक विनंती. खचलेल्या बांधवाला, तुझा विश्वास कमी पडतो म्हणून तू आनंदी नाहीस, असे कधीही सांगू नका. आनंदाचा आधार त्याच्या भावनांत नाही, ख्रिस्तात आहे. म्हणून तो रडत असतानाही तो आधार हललेला नसतो. त्याला डॉक्टरची गरज असेल तर डॉक्टरकडे न्या, भाकरीची असेल तर भाकरी द्या, आणि त्याला जेव्हा आशा धरवत नाही तेव्हा त्याच्या वतीने तुम्ही धरा. मंडळी याचसाठी आहे.