बधिर गालाचा हिशेब कोणी करायचा?

अकूस्टिक न्यूरोमा ही कर्करोगाची गाठ नव्हे. ती तोलाच्या नसेच्या आवरणातल्या श्वान पेशींतून उगवते, म्हणून डॉक्टर तिला आता वेस्टिब्युलर श्वानोमा म्हणतात. बहुतेकदा ती वर्षाला एक-दोन मिलिमीटर वाढते, आणि काही गाठी तर वर्षानुवर्षे जिथल्या तिथे राहतात. पण कवटीच्या तळाशी ती बसते तिथे जागाच थोडी. चेहऱ्याचे स्नायू हलवणारी सातवी नस तिला खेटून जाते. गाठ मोठी झाली की चेहऱ्याचा स्पर्श मेंदूला कळवणारी पाचवी नसही ताणली जाते. ऑपरेशननंतर घरातली माणसे दोन्ही दुखण्यांना एकाच शब्दात बसवतात, ‘चेहरा गेला’. खरे तर दोन्हींत फार अंतर आहे. सातवी दुखावली तर तोंड वाकडे होते, पापणी मिटत नाही. नुसती पाचवी दुखावली तर आरशात काहीच बिघडलेले दिसत नाही, पण गाल, ओठ, हिरडी, अर्धी जीभ आपली वाटत नाही. माझे म्हणणे या न दिसणाऱ्या नुकसानीविषयी आहे. गाठ किती काढायची आणि किती ठेवायची हे ठरताना बधिरपणाही तराजूत पडला पाहिजे. त्याचे वजन किती, हे ज्याचा गाल आहे त्यानेच सांगितले पाहिजे.

यावर पूर्वपक्ष विचारतो, “जीव आधी की गाल आधी?” प्रश्न पोकळ नाही, त्यामागे शतकाचा इतिहास आहे. 1894 मध्ये इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅलन्स यांनी याच जागची गाठ मेंदू आणि गाठ यांच्यामध्ये बोट घालून सोडवली. बाई जगली, पण त्या बाजूचा चेहरा बधिर आणि लुळा झाला आणि पुढे तो डोळाही काढावा लागला. हार्वे कुशिंग यांनी 1917 च्या ग्रंथात सावध वाट सांगितली: गाठ आतून पोखरायची आणि कवच तसेच ठेवायचे. त्यामुळे टेबलावरचे मृत्यू खूप कमी झाले, पण ठेवलेला भाग अनेकांत पुन्हा वाढला. वॉल्टर डँडी यांनी कवचासकट सगळी गाठ काढायचा आग्रह धरला आणि त्याची किंमत चेहऱ्याने मोजली. त्या काळी पूर्वपक्षाला उत्तरच नव्हते. आज मायक्रोस्कोप आहे, ऑपरेशन चालू असताना सातव्या नसेवर नजर ठेवणारे यंत्र आहे, उरलेल्या सालीवर एमआरआयने लक्ष ठेवता येते, आणि ती वाढलीच तर गॅमा नाइफचे किरण देता येतात. म्हणून बहुतेक रुग्णांपुढचा प्रश्न आता जीव की गाल एवढा उघडा राहिलेला नाही. नसेला चिकटलेली शेवटची साल सोलायची की ठेवायची, असा तो झाला आहे. साल ठेवली तर गाठ परत येण्याची धास्ती जन्मभर राहते. सोलली तर नस दुखावण्याचा धोका आताच पत्करावा लागतो.

“मग नस वाचवायचा प्रयत्न होतोच की,” पूर्वपक्ष म्हणतो. होतो, पण मुख्यतः सातवीसाठी. 1985 पासून जगभर वापरली जाणारी हाउस-ब्रॅकमन श्रेणी पाहा. एक ते सहा असे तिचे आकडे समोरच्या माणसाला दिसणारी हालचाल मोजतात: भुवई उचलते का, डोळा पूर्ण मिटतो का, हसताना ओठाचे टोक किती सरकते. पहिली श्रेणी म्हणजे उत्तम. पण पहिल्या श्रेणीच्या माणसाच्या ओठाच्या कोपऱ्यात भाताचे शीत चिकटून असेल आणि ते त्याला कळणारही नाही. चहा किती गरम आहे हे तो निरोगी बाजूने जोखतो. दाढी करताना कापले तर रक्त बघून समजते. मोजपट्टी बाहेरून पाहणाऱ्याची आहे, आत राहणाऱ्याची नाही, आणि जे मोजले जात नाही ते संमतीपत्रावर सही घेताना एका ओळीत उरकले जाते.

इथे पूर्वपक्ष आपले सर्वांत धारदार वाक्य काढतो, आणि मला ते सहज परतवता येत नाही. “तुम्ही ज्याला विचारायला सांगता तो चुकीचा माणूस आहे. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बोलणाऱ्याचा गाल शाबूत आहे. बधिर गालाने जगणारा माणूस अजून जन्मलाच नाही. पहिला घाबरून नको म्हणेल, दुसरा वर्षभराने सरावलेला असेल. मग पहिल्याच्या भीतीपायी दुसऱ्याच्या डोक्यात गाठ का ठेवायची?” यात तथ्य आहे. माणसे अपंगत्वाची जेवढी धास्ती घेतात, तेवढे दुःख ते आल्यावर अनेकदा नोंदवत नाहीत, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसले आहे. शिवाय बधिरपणा नेहमी टिकत नाही. नस नुसती दाबली किंवा ताणली गेली असेल तर काही आठवड्यांत, काही महिन्यांत मुंग्या येऊ लागतात आणि हळूहळू स्पर्श परततो. गाठीच्याच दाबाने ऑपरेशनआधी गाल बधिर झालेला असेल तर गाठ काढल्यावर तो सुधारूही शकतो. तुटलेले तंतू मात्र नेहमी पूर्ण जुळत नाहीत.

तरीही सवय होते यावरून नुकसान झाले नाही असे ठरत नाही. सरावणारा माणूस कशाला सरावतो, तर तोट्यालाच. आणि चुकीच्या माणसाला विचारू नका म्हणणारे उत्तर कोणाकडून घेतात? सर्जनकडून किंवा नातेवाइकांकडून, म्हणजे ज्यांचा गाल कधीच बधिर होणार नाही त्यांच्याकडून. आपल्याकडे ओपीडीत मुलगा किंवा दीर एकच प्रश्न विचारतो, “जीवाला धोका नाही ना?” आणि रुग्ण शेजारी गप्प बसलेला असतो. ऑपरेशनआधीचा माणूस नंतरच्या स्वतःला पूर्ण ओळखत नाही, हे मान्य. पण बाकी कोणाहीपेक्षा जास्त ओळखतो. गवयाला, बासरी वाजवणाऱ्याला, दिवसभर बोलून पोट भरणाऱ्याला ओठ म्हणजे काय, हे दुसऱ्याने ठरवायचे नाही. साल किती घट्ट चिकटली आहे हे मायक्रोस्कोपखालीच कळते, हा आक्षेपही खरा आहे. पण त्या क्षणी हात कोणत्या बाजूला झुकवायचा, हे आधी बोलून ठेवता येते. एवढे बोलूनही त्या धारदार वाक्याचे पुरते समाधान झाले असे मला वाटत नाही.

एका ठिकाणी मात्र ‘होईल सवय’ हे उत्तर उघडउघड चुकीचे आहे, आणि ते म्हणजे डोळा. बुबुळाला कापसाची बारीक वात लावली की पापणी झटकन मिटते. स्पर्श कळवते पाचवी नस, पापणी मिटवते सातवी. सातवी गेली तर डोळा उघडा राहून कोरडा पडतो, पण खुपतो, आणि त्या खुपण्याने माणूस जागा होतो. दोन्ही गेल्या तर धुळीचा कण दिवसभर बुबुळावर घासत राहिला तरी काही कळत नाही. दुखणे हा इथे पहारेकरी होता, आणि तो उठून गेलेला असतो. बुबुळावरची जखम दुखत नाही म्हणून लक्ष जात नाही, आणि पुढे नजर जाऊ शकते. बॅलन्स यांच्या रुग्णाचा डोळा गेला तो याच वाटेने. म्हणून कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री मलम लावून पापणी पट्टीने बंद करणे, गरज पडली तर पापणी थोडी शिवून घेणे, हे चेहरा परत येईपर्यंत टाळण्यासारखे नाही.

ज्यांच्या घरी असे ऑपरेशन झाले आहे त्यांनी रोज सकाळी उजेडात रुग्णाचा तो डोळा पाहावा. लाल दिसला आणि तो “काही दुखत नाही” म्हणाला, तर त्याच दिवशी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यावे.